वरचं टोक

आकडा शून्यावर आला तेव्हा वैजनाथला आधी राग आला. सर्व्हररूममधला एसी गुरगुरत होता, समोरच्या काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी एकाखाली एक उतरत होत्या, चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, आणि तास भरत आलेला असताना मध्येच शून्य. मग पुन्हा शून्य. ओळी उतरायच्या थांबल्या नव्हत्या, फक्त त्यांच्यात आता काही नव्हतं. सकाळपासून हे तिसऱ्यांदा. त्यानं छताकडं पाहिलं. या छताच्या वर दोन मजले, त्यांच्यावर गच्ची, गच्चीवर पत्र्याची लॅब, आणि त्या लॅबमध्ये या वायरीच्या दुसऱ्या टोकाशी शकीला मॅडम बसल्या होत्या. त्यांचं काम एवढंच होतं की वायरीचा जॅक कॉम्प्युटरमधून निसटला की तो पुन्हा आत दाबायचा. 'दाबा की मॅडम,' तो स्वतःशीच म्हणाला, 'काय करताय काय तिथं.'

तसं पाहिलं तर मोजणी सोपी होती. खालचा कॉम्प्युटर वरच्याला सतत काहीतरी पाठवत राहतो, अर्थ नसलेला नुसता माल, आणि दर सेकंदाला त्यातला किती पोचला ते लिहीत जातो. वायर चांगली असेल, मधले स्विच चांगले असतील, तर आकडा एका जागी ठरून राहतो. पुण्याच्या एका कंपनीला कॉलेजची इमारत ट्रेनिंग सेंटरसाठी हवी होती, आणि त्यांनी कळवलं होतं की प्रत्येक खोलीची एक तास न तुटता टेस्ट करून पाठवा. पैठण रोडला बिडकीनच्या अलीकडं तात्यासाहेबांनी हे इंजिनिअरिंग कॉलेज बांधलं तेव्हा भोवती नुसती मोसंबीची शेतं होती. आता मोसंबीची झाडं उभ्या उभ्या वाळली होती, शेतांत इंडस्ट्रियल एरियाचे दगड रोवले होते, आणि मुलं यायची थांबली होती. दोन वर्षांपूर्वी वर्ग अर्धा भरला, गेल्या वर्षी पाव, यंदा जाहिरातच दिली नाही. स्टाफ एकेक करून पांगला. वैजनाथ उरला, कारण वायरी कुठून कुठं गेल्या आहेत हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. शकीला मॅडम उरल्या, कारण त्यांना कुणी जा म्हणालं नव्हतं. तात्यासाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "वैजनाथ, रिपोर्ट झकास गेला पाहिजे. तुम्हाला ते ठेवून घेतील, माझं बोलणं झालंय." शकीला मॅडमबद्दल तात्यासाहेब काही बोलले नाहीत. वैजनाथनं विचारलंही नाही. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्याला वाटलं होतं, विचारायला पाहिजे होतं. पण तोवर तात्यासाहेबांची गाडी धूळ उडवत फाटकाबाहेर गेली होती.

बाकीच्या सगळ्या खोल्या पार पडल्या होत्या. राहिली होती ही पत्र्याची लॅब. सकाळी तो तिच्या दारापर्यंत गेला होता, आत गेला नव्हता. मे महिना, पत्रा सकाळीच कडकड वाजायला लागलेला. आत एकच पंखा, तोही गरम हवा नुसती इकडून तिकडं ढकलणारा. शकीला मॅडमनी कॉम्प्युटरच्या मागं वाकून वायरीचं टोक ओढून त्याला दाखवलं होतं.

"सर, याचा खटका तुटलाय. बसतच नाय. नवा जॅक मारून देता का?"

जॅक दाबून बसवायची क्रिम्पिंगची पक्कड आणि जॅकची पिशवी खाली सर्व्हररूमच्या ड्रॉवरमध्ये होती. दोन मजले आणि गच्चीचा जिना उतरायचा, पुन्हा चढायचा. त्याचा शर्ट आत्ताच पाठीला चिकटला होता.

"एका तासाचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. "तुम्ही बसा इथंच. निघाला की दाबायचा."

"हौ सर." त्यांनी जॅक परत खोचला आणि हसल्या. "म्हणजे मीच खटका."

तोही हसला होता. जिना उतरताना, सर्व्हररूमचं दार उघडल्याबरोबर गार हवा अंगावर आली तेव्हा, तो त्या वाक्यावर पुन्हा एकदा हसला होता.

शून्य. शून्य. त्यानं मोबाइल लावला. वर रिंग वाजली असणार, फोन उचलला नाही. बाहेर गेल्या असतील, त्याला वाटलं. बायका कुठं जातात, किती वेळ जातात, हे विचारायचं नसतं. मग त्याच्या हातांनी सवयीनं काम सुरू केलं. गेली बारा-तेरा वर्षं तो मुलांना हेच शिकवत आला होता, लाइन तुटली की आधी आपलं टोक तपासा, दुसऱ्याच्या टोकाला नावं ठेवू नका. त्यानं ड्रॉवर उघडला. खालच्या वायरीचं टोक कापलं, वरचं निळं आवरण सोललं, आतल्या आठ तारांचे पीळ सोडवून त्या बोटांनी सरळ केल्या. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. पूर्वी चाळीस मुलं हे एका सुरात म्हणायची, पाढे म्हणावे तशी, आणि मागच्या बाकावरून शकीला मॅडम एखाद्याचा हात धरून सांगायच्या, "बेटा, हिरवी उलटी गेली." तारा ओळीत लागल्या की त्याला नेहमी बरं वाटायचं, आत्ताही वाटलं. जॅकमध्ये तारा सरकवल्या, पक्कड दाबली, कट्ट. जॅक बसवला. शून्य. मग त्यानं स्विचचा पोर्ट बदलला. शून्य. मग एसीच्या झोतात खुर्ची मागं रेलून तो थोडा वेळ नुसता बसला. हा थोडा वेळ किती होता हे त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. त्या वेळात त्यानं पुंडलिकनगरच्या घराचा विचार केला होता, आज नळाला पाणी यायचा दिवस, बायकोनं, उमानं, ड्रम धुऊन ठेवले असतील. मग त्यानं विचार केला होता की कंपनी आली तर वर्षभरात मागची खोली पाडून बांधता येईल. एवढं नक्की आठवत होतं. शून्याच्या ओळी समोरून उतरत असताना त्यानं घराचा नकाशा डोक्यात काढला होता.

मग तो चढला. पहिल्या मजल्यावर उकाडा, दुसऱ्यावर झळा, गच्चीवरच्या लॅबच्या दारातून आत शिरताना तोंडावर भट्टीचं दार उघडावं तसं झालं. खुर्ची आडवी पडली होती. दोन टेबलांच्या मधल्या फटीत शकीला मॅडम एका कुशीवर होत्या, ओढणी मानेखाली गोळा झालेली, एका पायाच्या घोट्यात निळी वायर अडकलेली. वायर ताणली जाऊन जॅक कॉम्प्युटरमधून निघून लोंबत होता. आणि वैजनाथनं पहिलं काय केलं तर वाकून तो जॅक उचलला आणि आत दाबला. छोटा हिरवा दिवा लागला. तो लागलेला त्यानं पाहिला. त्यानंतर त्याला समजलं की समोर काय आहे.

"मॅडम. शकीला मॅडम."

अंगाला हात लावला तर घामाचा थेंब नव्हता, कातडी कोरडी, उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखी. डोळे अर्धे उघडे होते, आणि ओठ काहीतरी म्हणत होते, पण ते त्याला उद्देशून नव्हतं. त्यानं टेबलावर पाहिलं, पाण्याची बाटली शोधली. नव्हती. त्याची स्वतःची थंडगार बाटली खाली होती. तो ओरडला. ओसाड कॉलेजात त्याचा आवाज व्हरांड्याव्हरांड्यांतून फिरून परत आला, आणि मग खालून भामाबाईंच्या चपलांचा आवाज आला. त्या सफाईला होत्या. झाडायला कुणी नसलं तरी रोज यायच्या.

दोघांनी मिळून त्यांना खाली आणलं, त्यानं खांद्याखाली हात घालून, भामाबाईंनी पाय धरून. प्रत्येक वळणावर त्याला वाटत होतं की आपण या बाईला कधी स्पर्श केलेला नाही, बारा-तेरा वर्षांत कधी वहीसुद्धा हातात हात लागेल अशी दिली नाही, आणि आता यांचं डोकं आपल्या छातीवर आहे. खाली आल्यावर त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी त्यांच्या तोंडावर, मानेवर ओतलं. ते लगेच संपलं. कॉलेजच्या टाकीत गाळ होता. मागच्या आठवड्यापासून टँकर आलेला नव्हता.

"पानी तर त्या पेतच नव्हत्या ना सर," भामाबाई हुंदके देत बोलत सुटल्या. "दिसभर पानी पेत नाय. बायकांच्या संडासाला कुलूप हाय, पानी नाय म्हून. तुमी गडी मान्सं जाता मागं बाभळीत. आमी कुठं जावं? मी म्हातारी, मी जाते आडोशाला. मॅडम कशा जातील? घरून निघताना घोटभर पेत्या, ते पार घरी जाईपर्यंत."

"किती दिवस?" त्यानं विचारलं.

"आता किती म्हून सांगू? उन्हाळा लागल्यापासून."

शेजारच्या प्लॉटवर कुणाच्या तरी गोडाऊनचं बांधकाम चालू होतं आणि तिथं टँकर उभा होता. वैजनाथ धावत गेला. टँकरवाल्यानं काही विचारलं नाही, गाडी सरळ कॉलेजच्या फाटकातून आत घेतली, मागचा कॉक उघडला. जाड धार सुटली. शकीला मॅडमना त्यांनी त्या धारेखाली, फरशीवर आडवं धरलं. पाणी त्यांच्या अंगावरून वाहून, पायऱ्यांवरून उतरून, आवारातल्या भेगाळलेल्या मातीत शिरत होतं, आणि माती आवाज करत ते पीत होती. तेवढ्यात वैजनाथला दिसलं की भामाबाईंनी नकळत बादली आणून पायरीखाली लावली आहे, वाहून जाणारं पाणी धरायला. त्यांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी बादली पायानं बाजूला सारली, ती कलंडली, आणि दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

घाटी दवाखान्यात नेईपर्यंत बांधकामावरच्या इंजिनिअरच्या गाडीत तो मागं बसून ओल्या ओढणीनं वारा घालत राहिला. डॉक्टरांनी बर्फ मागवला, सलाइन लावलं, ऊन लागलंय, फार लागलंय म्हणाले. "किती वेळ पडल्या होत्या?" त्यांनी विचारलं. वैजनाथ म्हणाला, "थोडा वेळ." डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "थोडा म्हणजे?" तेव्हा तो म्हणाला, "मी खाली होतो. मला कळलं नाही." हे खरं होतं, आणि हे म्हणताना त्याला ओळी दिसत होत्या, शून्याच्या, एकाखाली एक. कळत तर होतं. दर सेकंदाला कळत होतं.

संध्याकाळच्या सुमारास शकीला मॅडमचे यजमान जब्बारभाई आले. गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात ते काउंटरला होते. शर्टावर नव्या ताग्यांचे बारीक धागे चिकटलेले. सोबत मुलगी होती, तहरीम, तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला. शकीला मॅडम तिचं नाव दिवसातून एकदा तरी घ्यायच्या. वैजनाथनं तिला आज पहिल्यांदा पाहिलं. ती सरळ आत गेली. जब्बारभाई मात्र बाहेर त्याच्याजवळ बाकावर बसले. बराच वेळ ते आपल्या शर्टावरचे धागे एकेक करून काढत राहिले.

"सर," ते म्हणाले, "इत्ती धूप में वो पत्रे के नीचे क्या कर रहे थे?"

"टेस्ट चालू होती, जब्बारभाई. खालच्या कॉम्प्युटरवरून वरच्यावर किती माल जातो ते मोजायचं. कंपनीला द्यायचं होतं."

जब्बारभाईंनी ते समजून घेतलं. त्यांची मान हळूहळू हलत होती. मग ती थांबली.

"तो उसमें आदमी का क्या काम? मशीन तो मशीन से बोलती ना."

त्या प्रश्नात आरोप नव्हता. ते खरंच विचारत होते, एखाद्या ग्राहकानं कापडाचा पोत विचारावा तसं, साधं. वैजनाथच्या तोंडाशी खरं आलं होतं. खटका तुटला होता, मी खाली जाऊन नवा जॅक आणायला हवा होता, मला जिना चढायचा कंटाळा आला. तीन वाक्यं. पण बाकावर शेजारी बसलेल्या त्या माणसाची बोटं शर्टावर आता न उरलेले धागे शोधत होती, आणि ती बोटं पाहत वैजनाथ म्हणाला, "दोन्हीकडं माणूस लागतो."

"अच्छा." जब्बारभाईंनी श्वास सोडला. "मतलब काम का था."

"हौ. कामाचं होतं."

घरी पोचला तेव्हा उमा नळाचं पाणी भरून झाल्यावर ओल्या ओट्याशी उभी होती. त्यानं सांगितलं, जेवढं सांगता आलं तेवढं. ती खाली बसली. "अहो, तुम्ही वेळेवर पोचलात म्हणून तरी," ती म्हणाली. "नाहीतर त्या एकट्या बाईला कोण बघत होतं." त्यानं हात धुतले, तोंड धुतलं, आणि नळाखाली ओंजळ धरून पाहत राहिला. उमानं हळूच नळ बंद केला. "उद्या नाही यायचं पाणी," ती म्हणाली. "जपून."

तात्यासाहेबांचा फोन आला. वाईट झालं, फार वाईट झालं, खर्चाची काळजी करू नका म्हणाले, आणि मग जरा थांबून म्हणाले की पत्र्याच्या लॅबचं तेवढं राहिलंय ना. वैजनाथ हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात गेला. हातांना दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून असेल. पक्कड आणि जॅकची पिशवी घेऊन तो चढला. खुर्ची भामाबाईंनी उभी करून ठेवली होती. तुटक्या खटक्याचा जॅक त्यानं कापून टाकला, आठ तारा सोलल्या, सरळ केल्या, नवा जॅक चढवला, पक्कड दाबली. कॉम्प्युटरमध्ये बसवला तेव्हा टिक् असा आवाज आला. त्यानं ओढून पाहिला. निघाला नाही. एवढंच. उभ्या उभ्या, घाम फुटायच्या आत झालं. मग तो खाली येऊन बसला आणि टेस्ट लावली. वर कुणी नव्हतं. चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णव. रिकाम्या पत्र्याखाली एक मशीन बसून सगळं घेत होतं, न चुकता, न थकता, त्याला तहान नव्हती, कुठं जायचं नव्हतं. आकडा असा ठरून राहिलेला पाहिला की पूर्वी त्याला झोप यायची, तसं सुख असायचं त्यात. आता तो ओठ दाबून बसला होता आणि मनात म्हणत होता, तूट, एकदा तरी तूट. ती तुटली असती तर त्याला म्हणता आलं असतं की जॅकचा प्रश्न नव्हताच, लाइनच खराब होती. फोन वाजला तेव्हाही चौऱ्याण्णव होतं. जब्बारभाईंचा नंबर होता, पण बोलत दुसरंच कुणी होतं, बहुतेक त्यांचा भाऊ. मॅडम गुजर गये, तो म्हणाला, मिट्टी आज शाम कू. वैजनाथ उठला. टेस्ट बंद करायला हात गेला आणि गेला तसा परत आला. ती चालूच ठेवून, एसी चालू ठेवून, दार ओढून तो निघाला. रात्री येऊन पाहिलं तेव्हा तास न तुटता पूर्ण झाला होता. त्यानं रिपोर्ट पाठवला.

दफनाच्या वेळी तो पुरुषांच्या मागच्या रांगेत उभा राहिला. मूठभर माती टाकताना ती इतकी कोरडी होती की बोटांतून आधीच सांडली. जब्बारभाईंनी त्याला हाताला धरून पुढं नेलं आणि नातेवाइकांना सांगितलं, "ये सर. इनोंच उठा के लाये." माणसं त्याच्याशी हात मिळवत होती, दोन्ही हातांनी. कुणीतरी म्हातारा जब्बारभाईंना विचारत होता, पण उन्हात वर पाठवलंच का, आणि जब्बारभाई सांगत होते, "चचा, वो काम ही ऐसा था. दो कॉम्प्युटर रहते, एक उप्पर, एक नीचे. दोनों तरफ आदमी लगता. एक तरफ सर थे, एक तरफ ये." वैजनाथनं ऐकलं आणि त्याला कळलं की आपलं वाक्य आता आपलं राहिलेलं नाही. ते चालायला लागलं होतं. पुढं चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तो गेला तेव्हा ते आणखी मोठं झालं होतं. ऐनवेळी मॅडमनी हात काढला असता तर सगळी टेस्ट वाया गेली असती, पण शेवटपर्यंत त्यांनी हात काढला नाही, असं जब्बारभाई ताटं वाढता वाढता सांगत होते, आणि त्यांचा चेहरा सांगताना जरा वेळ माणसाचा दिसायचा. गप्प झाले की पुन्हा नाही. वैजनाथनं घास मोडला आणि तो ताटातच ठेवला. येताना स्कूटर क्रांती चौकाच्या पुलाजवळ थांबवून तो उभा राहिला आणि त्यानं ठरवलं, सांगून टाकायचं. या आठवड्यात. दुकानात जाऊन, नाहीतर घरी. सांगितल्याशिवाय आपल्याला झोप नाही. त्या ठरवण्यानंच त्याला किती दिवसांनी पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं.

तो आठवडा गेला, पुढचेही गेले. कंपनी आली. तात्यासाहेबांनी शब्द पाळला, वैजनाथला ठेवून घेतलं. आवारात दोन मोठ्या टाक्या बसल्या, रोज टँकर यायला लागला. बायकांच्या संडासाचं कुलूप काढून तिथं नव्या फरश्या बसवल्या. भामाबाई त्या पुसताना कधी कधी नुसत्याच बसून राहायच्या. पत्र्याच्या लॅबला कंपनीनं खालून जाड छत मारलं आणि दोन एसी लावले. त्या खोलीत वैजनाथ शक्यतो जात नसे.

एका दुपारी तहरीम आली. अम्मीचं काही सामान राहिलंय का, असं वॉचमनला विचारत. वैजनाथनं कपाटातून पिशवी काढून दिली, डबा, चष्म्याचं घर, एक कंगवा. तिनं ती उघडून पाहिली नाही, मांडीवर ठेवली. सर्व्हररूममध्ये गारवा होता. तिनं ओढणी अंगाभोवती घट्ट घेतली आणि समोरच्या यंत्रांचे लुकलुकते दिवे पाहत राहिली.

"पाणी घेतेस?" त्यानं विचारलं.

"नको सर." मग म्हणाली, "त्या दिवशी दुपारी अम्मीचा फोन आला होता मला."

त्यानं हातातली बाटली टेबलावर ठेवली.

"जॅक ढिला आहे म्हणाली. सर म्हणाले धरून बसा. मी म्हणले, अम्मी, नवा मारायला सांग ना. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात ते, किती वेळ लागतोय." तिचा आवाज सरळ होता, पाठ केल्यासारखा. "तर म्हणाली, जाऊ दे गं, सरांना वर यायला उन्हाचा त्रास होतो."

एसी बंद होऊन पुन्हा सुरू झाला.

"तहरीम, मी येणारच होतो. तुझ्या अब्बूंना सगळं सांगायला. या आठवड्यात मी—"

"त्यासाठीच मी आले." तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं. डोळे शकीला मॅडमचेच होते, पण त्यांच्यात हसू नव्हतं. "चाळिसाव्याला तुमचं तोंड बघितलं मी. मला वाटलं, हे सर आता बोलून टाकतील. तर नका बोलू."

"अगं, पण ते खोटं आहे."

"मला माहितीय ना. अब्बूंना नाही माहीत. ते दुकानात सांगतात, मशिदीत सांगतात. झोप लागली नाही की मला उठवून सांगतात, दोनों तरफ आदमी लगता बेटा. मी हौ म्हणते. सर, ते काढून घेतलं तर त्यांच्याकडं काय राहील? तुम्हाला हलकं वाटेल. त्यांना काय वाटेल?"

"आणि तुला?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

ती उठली. पिशवी खांद्याला लावली. "अब्बू बाहेर थांबलेत," ती म्हणाली. "आत नाय आले. अम्मीचं कॉलेज बघवत नाही म्हणतात. त्यांनी हात केला तर तुम्ही पण करा."

तो तिच्यामागं व्हरांड्यापर्यंत आला. ऊन पांढरं झालं होतं. फाटकाबाहेर जब्बारभाई मोपेड स्टँडवर लावून बाभळीच्या तोकड्या सावलीत उभे होते. तहरीम आवार ओलांडून त्यांच्याजवळ गेली, काहीतरी बोलली, मागं बसली. जब्बारभाईंनी वर पाहिलं. इतक्या लांबूनही त्यांना वैजनाथ दिसला. त्यांनी उजवा हात उचलून छातीवर ठेवला आणि मान जरा झुकवली, ज्यानं आपल्या माणसाला शेवटी हातांवर उचललं त्याच्यापुढं झुकवावी तशी. तहरीम मागं बसून व्हरांड्याकडं बघत होती, वाट पाहत.

वैजनाथनं हात उचलला आणि छातीवर ठेवला.